तुमीच भेता काय, मॅडम?

गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला लस द्यायची होती, आधी गोवराची घेतलेली असली तरी. डिसेंबरात एका गावातून सत्राच्या आदल्या दिवशी निरोप आला, निम्मे पालक उद्या मुलांना शाळेत पाठवणार नाहीत. लस घेतल्यावर मुलं भोवळ येऊन पडताहेत असा एक व्हिडिओ घरोघरी फिरला होता.

संध्याकाळी सातला शाळेच्या पटांगणात सभा ठेवली. कापूस वेचणीचे दिवस, बाया दिवसभर वाकून थकलेल्या, तरी आल्या. मी व्हरांड्यात टेबलामागे उभी राहिले, एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात माहितीपत्रक. बोलले ते सगळं खरं होतं. पण पहिला प्रश्न आला तसा माझा आवाज चढला, दुसऱ्याला वेगही वाढला. माइक शिट्टी मारू लागला. मी पत्रकाकडे बघून उत्तरं देत होते आणि वाक्य संपायच्या आत पुढचं सुरू करत होते.

पुढच्या रांगेतली एक आई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, ‘‘तुमीच भेता काय, मॅडम? तुमचा कागद हालून राह्यला.’’

कागद खरंच हलत होता. मला लसीची भीती नव्हती, भीती होती ती सभा हातची जाण्याची. पण त्या बाईला माझ्या मनातलं कसं कळणार? तिच्यासमोर घाईघाईनं बोलणारी, टेबलाआड उभी असलेली, नजर न देणारी डॉक्टर होती. तिनं तेवढंच वाचलं, आणि बरोबर वाचलं.

मी माइक बंद केला, पत्रक टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरून तिच्यासमोर खाली बसले. लगेच बोलले नाही. माझे आजोबा गाडगेबाबांच्या कीर्तनांबद्दल सांगायचे, बाबा प्रश्न टाकत आणि लोक तोंड उघडेपर्यंत थांबत. लहानपणी मला ती नुसती गंमत वाटायची. त्या रात्री कळलं की थांबायला किती बळ लागतं. दोन श्वास घेतले, पाय जमिनीला टेकलेले जाणवले आणि विचारलं, ‘‘कशाची भीती वाटते?’’ मग गप्प राहिले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी मागून एक बाप म्हणाला, ‘‘पोराले काही झालं तं?’’

या वेळी त्याच्याकडे बघूनच उत्तर दिलं. आवाज छातीतून, खालच्या पट्टीत. वाक्य संपलं की तो खाली उतरू दिला, आणि पुढचं वाक्य उशिरा. आम्ही प्रत्येक मुलाला अर्धा तास डोळ्यांसमोर बसवतो. कुणाला त्रास झालाच तर लागणारं इंजेक्शन सत्राच्या टेबलावरच असतं. भोवळ बहुतेकदा सुईच्या भीतीनं येते, म्हणून मुलांना खाऊन पाठवा. किती औषध जातं, हे एकीनं विचारलं. मी सिस्टरकडून सिरिंज मागवली, वेष्टणासकट तळहातावर धरली आणि रांगेतून फिरवली. अर्धा मिली. तो तळहात उघडा ठेवायचं मी ठरवलं नव्हतं, पण बाया पुढे सरकून त्यावर वाकल्या तेव्हा पटांगणातला ताण सैल झाल्याचं जाणवलं.

मग शिकाऊ डॉक्टर असताना पाहिलेल्या एका बाळाबद्दल सांगितलं. आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. साधा ताप, चार पुरळ, तिला आठवतही नव्हतं. बाळाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि हृदयाला छिद्र. हे सांगताना मी हातवारे केले नाहीत. हात मांडीवर होते.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं आली नाहीत, पण बरीचशी आली. मागून विचारणारा तो बापही मुलाला घेऊन आला होता. लस झाल्यावर तो वर्गाच्या दाराशी अर्धा तास उभा राहिला. मीही शेजारी उभी राहिले. समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोराच्या डाव्या अंगठ्यावरची शाई वाळली तेव्हा त्यानं विचारलं, ‘‘त्या लेकराचं काय झालं मंग, मॅडम?’’

डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. नंतर आई त्याला गावी घेऊन गेली. पुढचं मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं, आणि तेव्हा मात्र आवाज स्थिर ठेवता आला नाही.