एक पिक्सेल, एक गुंठा : आमची वाटचाल

आमची सुरुवात जमीन मोजणीच्या कामातली. पुण्याच्या कडेच्या गावांमधले लेआउट, रस्त्यांची आखणी, कुठे कंटूर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषा. 2008 मध्ये लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या प्रतिमा सगळ्यांना मोफत झाल्या आणि आम्ही उपग्रहाकडे वळलो. लँडसॅट-5 चा 1984 पासूनचा साठा हाती आला. वाकड, बाणेर, हिंजवडीची शेतं कधी आणि कुठल्या बाजूने बांधकामाखाली गेली, ते ओळीने लावून बघता येऊ लागलं.

अडचण मापाची होती. लँडसॅटचा पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सगळ्यात लहान चौकोन, 30 बाय 30 मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. आपली शहरं तर गुंठ्या-गुंठ्याने वाढतात. 2015 मध्ये सेंटिनेल-2 हा युरोपचा उपग्रह आला, 10 मीटरचा पिक्सेल घेऊन. शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो तिथून. प्रतिमा मोफत, नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही मोफत. भांडवल लागलं ते कॉम्प्युटरला आणि मुलांच्या पगाराला.

शेताचं प्लॉटिंग होताना घरांच्या आधी मुरूम दिसतो. हिरव्या रानात मुरुमाच्या रस्त्यांच्या काटकोनात फिकट रेघा उमटतात, आणि घरं पुढे सावकाश येतात. ड्रेनेज, रस्त्याची रुंदी, पाण्याची लाइन यांचा विचार करायला हाच काळ हातात असतो. रेघा ओळखणं मात्र सोपं नाही. मे महिन्यात नांगरलेलं रान, उघडा कातळ आणि काँक्रीट जवळपास सारखेच चमकतात. म्हणून आम्ही नोव्हेंबरची प्रतिमा शेजारी ठेवतो. तेव्हा पीक उभं असेल तर ते रानच. मावळातली गुलाबाची पॉलिहाउस थेट गोदामासारखी दिसतात. शिवाय छपराखाली कारखाना आहे की मंगल कार्यालय, हे कुठलाच उपग्रह सांगत नाही. त्यासाठी गाडी काढून गावात जावंच लागतं, आणि या खर्चात आम्ही कधी काटछाट करत नाही.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. त्यानंतर आमच्या कामात ओढ्यांना पहिलं स्थान मिळालं. अरुंद ओढा 10 मीटरच्या प्रतिमेत नीट दिसत नाही, तिथे कार्टोसॅट या भारतीय उपग्रहांच्या जास्त बारकाव्याच्या प्रतिमा विकत घेतो. पावसाळ्यात ढगांमुळे सगळं झाकलं जातं, तेव्हा ढगांच्या आरपार बघणाऱ्या सेंटिनेल-1 उपग्रहाच्या रडारचा आधार.

1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 25 नुसार विकास आराखड्याआधी विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे आज कुठली जमीन कशासाठी वापरात आहे त्याचा नकाशा, करावा लागतो. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. इतक्या वेगाने बदलणाऱ्या भागात हा नकाशा एकदाच करून भागत नाही, तो दरवर्षी व्हायला हवा, असं आम्ही प्रत्येक बैठकीत मांडतो. मुरुमाची रेघ जिथे ओढा ओलांडते, तो गट नंबर आमच्या अहवालात पहिल्या पानावर असतो.