पेडल बॉक्स: ब्रेक लागतोय, पण सुटत नव्हता

गेले चार वीकेंड पेडल बॉक्समध्ये, म्हणजे तिन्ही पेडलं बसतात त्या सांगाड्यात गेले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: इथे कॉव्हेंट्रीजवळ घरच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हनच्या (जुनी ब्रिटिश, छोटी, उघडी स्पोर्ट्स कार) धाटणीची गाडी बांधतोय. चेसिस किटची, इंजिन आणि टाइप 9 गिअरबॉक्स जुन्या फोर्ड सिएराचा.

सीट पक्की बोल्ट केल्याशिवाय पेडलांची मापं घेऊ नका. मी सीट नुसती ठेवून, मोजे घालून मापं घेतली होती. रनर (सीट पुढे-मागे सरकवायच्या पट्ट्या) लावल्यावर सीट 20 मिमी वर आली, आणि क्लच पूर्ण दाबायला पाठ टेकवलेली सुटायला लागली. सगळं परत खोललं. या वेळी गाडी चालवताना घालणार तेच अरुंद तळव्याचे बूट घालून बसलो. सेव्हनचा फूटवेल (पाय ठेवायची जागा) इतका चिंचोळा असतो की रुंद बुटाने ब्रेक दाबला की कड अ‍ॅक्सिलरेटरवर चढते.

आता ब्रेक. सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर) नाही, त्यामुळे सगळा जोर पायाचाच. पेडल ज्यावर फिरतं त्या पिव्होटपासून पॅड 250 मिमी, पुशरॉड (सिलेंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) 50 मिमी, म्हणजे 5:1, पायाचा जोर पाचपट. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळे मास्टर सिलेंडर (ब्रेक ऑइलवर दाब देणारे), मध्ये बॅलन्स बार, म्हणजे पेडलचा जोर दोघांत वाटणारा दांडा. पाइपांतली हवा काढली, पेडल दगडासारखं घट्ट लागलं, फार आनंद झाला. मग दहा-बारा वेळा दाबून पुढचं चाक हाताने फिरवलं, तर हलेना. मागची चाकं मोकळी.

आधी ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवर संशय घेतला, पिस्टन काढून साफही केले. फरक शून्य. मग कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) जरा सैल केला, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे प्रेशर आत अडकून राहत होतं.

त्या संध्याकाळी पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी कॅमेरा खाली धरायला लावला आणि म्हणाले, "अरे, प्ले दिलायस का? चेतकच्या ब्रेकला आपण बोटभर सोडायचो ना?"

प्ले, म्हणजे थोडी मोकळी हालचाल, दिलाच नव्हता. पुढच्या सिलेंडरचा पुशरॉड लांब झाला होता, पेडल पूर्ण वर असतानाही तो पिस्टनला टेकून होता. पिस्टन शेवटपर्यंत मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक छिद्र सीलखाली झाकलेलं राहतं, आणि ऑइलला परतीची वाट उरत नाही. लॉकनट सैल करून रॉड एक फेरा आत घेतला. आटे 5/16 यूएनएफ (बारीक इंची आटे), इंचाला 24, म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम 1 मिमी. रॉड चिमटीत धरल्यावर किंचित खुळखुळतो, पायाखाली तोच 5 मिमी वाटतो. चाक आता बोटाने फिरतं. बाबांना लगेच फोन केला.

बॅलन्स बारला घाई करू नका. दोन्ही क्लेव्हिसना (बार आणि पुशरॉड जोडणारे तुकडे) बाजूने थोडी मोकळीक हवी, नाहीतर बार तिरका होताना अडकतो. ब्रेक जोरात दाबलेला असताना बार पेडलला काटकोनात यायला हवा. तपासायला मागचा निपल उघडा ठेवून बायकोला पेडल दाबायला सांगितलं. पेडल बरंच खाली गेलं, बार कलला, पण पुढचे ब्रेक लागले. ते बघून खरंच जिवात जीव आला, कारण दोन सर्किट ठेवायची ती यासाठीच. बारच्या मधलं बेअरिंग ज्या क्लेव्हिसच्या जवळ, त्या सिलेंडरला जास्त जोर. मी पुढच्या बाजूला ठेवलंय. आयव्हीएला (अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधीची इथली सरकारी तपासणी) मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झालेली चालत नाहीत, आणि ब्रेक तपासायच्या रोलरवर आकडे जुळले की बार पिन मारून कायमचा लॉक करणार आहे.

अ‍ॅक्सिलरेटरला खाली स्टॉप बोल्ट लावला, आता पायाचा जोर केबलवर न येता बोल्टवर येतो. क्लचलाही तसाच स्टॉप हवा. त्याचा ब्रॅकेट कापून ठेवलाय, शनिवारी वेल्ड करतो.