रोल 'धुवायला टाकला' म्हणजे नेमकं काय होतं

कॅमेऱ्याचे रोल धुणारी लॅब म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर लाल बल्ब आणि ट्रे हलवणारा माणूसच यायचा. मग एकदा ओळखीने एका लॅबमध्ये आत जायला मिळालं, आणि बघतो तर लाल बल्बच नाही! रंगीत फिल्मला लाल उजेडही दिसतो, त्यामुळे कॅसेट (रोलची डबी) उघडायची ती ठार अंधारात, नुसत्या हाताच्या अंदाजाने. तो पिक्चरमधला लाल बल्ब ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटच्या कागदासाठी असतो.

रोलला नंबरचं स्टिकर, तोच नंबर पाकिटावर, मग वर क्लिप खाली वजन लावून रोल रॅकला लटकवायचे आणि मशीन तो रॅक एका टँकमधून उचलून दुसऱ्यात बुडवत जाते. पहिल्या टँकमध्ये डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं रसायन: ३७.८ डिग्री, ३ मिनिटं १५ सेकंद. तापमानात चूक चालते ती जेमतेम ०.१५ डिग्रीची (मी घरी गरम पाण्याच्या टबात बाटल्या ठेवून हे करायचो, फोटोंवर जांभळट झाक का यायची ते तेव्हा कळलं). ही सी-४१ प्रोसेस कोडॅकने १९७२ मध्ये आणली आणि रंगीत निगेटिव्ह कुठल्याही कंपनीची असो, १०० आयएसओची (उजेडाला कमी संवेदनशील) असो की ८०० ची (जास्त), सगळ्या एकाच रॅकवर एकाच वेळी जातात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की, डेव्हलपर फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या उजेड लागलेल्या कणांची चांदी करतो आणि ते करताना तो स्वतः जो बदलतो ना, त्या बदललेल्या रसायनातून फिल्मच्या थरांमध्ये पिवळा, मॅजेंटा, सायन रंग तयार होतो. मग ब्लीच आणि फिक्सर ही पुढच्या टँकमधली रसायनं मिळून ती चांदी काढूनच टाकतात, म्हणजे हातात येणाऱ्या निगेटिव्हमध्ये चांदी उरतच नाही, नुसता रंग! चांदी जाते फिक्सरमध्ये, आणि लॅबवाले ती परत काढतात, सोडतायत कशाला.

बाकी दिवसभराचं काम म्हणजे काहीही बदलू न देणं. प्रत्येक रोलमागे थोडं ताजं केमिकल टँकमध्ये पडत राहतं, शिवाय आधीच एक्स्पोज करून आलेली कंट्रोल स्ट्रिप (तपासणीसाठीची फिल्मची पट्टी) मशीनमधून काढायची, डेन्सिटोमीटरवर (फिल्म किती गडद आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायची, आकडे चार्टवर मांडायचे. रेष सरकायला लागली की गिऱ्हाइकाच्या रोलला हात लावायचा नाही. डेव्हलपरमध्ये ब्लीचचे थेंब उडाले तर टँक बाद होऊ शकतो, म्हणून तिथले काका माझ्या कोपरावर सारखी नजर ठेवून होते 😄

जाताना माझाही एक रोल दिला होता. तो अख्खा कोरा आला. मी तोंड उघडायच्या आत काकांनी तो लाइटबॉक्सवर धरला आणि कडेचे फ्रेम नंबर दाखवले, एकदम ठसठशीत. ते नंबर कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, ते उमटले म्हणजे धुलाई बरोबर झाली. रोल कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता, छत्तीसच्या छत्तीस वेळा मी नुसतंच खटखट केलं होतं.