तोफखान्यातले काका आणि आमचं ट्रेनिंग

आज हॉस्पिटलमध्ये माजी सैनिकांच्या उपचारांबद्दल स्टाफचं ट्रेनिंग झालं. नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी. त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिलेले तोफखान्यातले कितीतरी काका आमच्याकडे येतात.

शिकवायला मिलिटरी नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या मॅडम होत्या. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची सरकारी उपचार योजना, तिचं कार्ड, रेफरल हे भराभर उरकलं (योजना २००३ पासूनची, ती कागदपत्रं आम्हाला पाठ आहेत). खरा वेळ दिला तो कानांना. वर्षानुवर्षं तोफांजवळ काम केलं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ निसटतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. आणि आपण आणखी ओरडतो!

मॅडमनी मास्क लावून, पाठ फिरवून म्हटलं, "सकाळी सात वाजता उपाशीपोटी या." मग समोर बसून, मास्क काढून, सावकाश. फरक तिथल्या तिथे कळला. काकांनी मान हलवली म्हणजे समजलं असं धरायचं नाही, त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं. दुखतंय का विचारलं तर फौजी माणूस "ठीक आहे" म्हणणार. त्यापेक्षा झोप लागते का, जिना चढवतो का, हे विचारा.

केसपेपरवर "फौजेत होता का? काम काय होतं?" हा रकाना हवाच. आणि असं ट्रेनिंग नाशिकच्या प्रत्येक हॉस्पिटलात व्हावं, बिलिंगच्या खिडकीवरच्या पोरांसकट, कारण काकांशी पहिलं बोलणं त्यांचंच होतं.