सिंगल बेल

त्यांचा जुना फॉर्म माझ्यासमोर होता. जुगार – नाही. खरेदी – नाही. खाणं – नाही. लैंगिक इच्छा – नाही. चारही ओळींत 'नाही'वर खूण आणि खाली माझी सही, नऊ महिन्यांपूर्वीची. टेबलापलीकडे त्यांचा मुलगा उभा होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नव्हता.

"मॅडम, यांना मुक्तांगणला ठेवायचंय. चिठ्ठी द्या. चार लाख साठ हजार घालवलेत मटक्यात. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्यात. म्हातारचळ लागलाय, दुसरं काही नाही."

वडील शेजारी बसून होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. आई पायातल्या जोडव्यांकडे बघत होती.

(हे लिहायला त्या दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी मानसोपचारात एमडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा थीसिस पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांमध्ये आवेगावरचा ताबा कसा सुटतो यावर आहे. दर गुरुवारी न्यूरोलॉजीच्या ओपीडीला लागून असलेल्या एका अरुंद खोलीत मी बसते. एकेक रुग्ण येतो, मी प्रश्न विचारते, खुणा करते.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचाल अडकते. लेव्होडोपा हे त्यावरचं मुख्य औषध. तिच्या जोडीला, विशेषतः वय फार झालेलं नसेल तर, प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल देतात. या गोळ्या मेंदूत जाऊन थेट डोपामिनच्या जागा धरतात. हात सुटतो, पाऊल उचललं जातं. पण प्रॅमिपेक्सोलची ओढ या जागांपैकी, म्हणजे ग्राहींपैकी, डी-३ नावाच्या ग्राहींकडे जास्त असते, आणि ते ग्राही हालचालीच्या वाटेपेक्षा हव्यासाच्या, बक्षिसाच्या वाटेवर दाट असतात. त्यामुळे काही जणांच्या बाबतीत, ज्यांनी जन्मात पैज लावली नाही, असे लोक लॉटरीच्या दुकानासमोर सकाळी सातला उभे राहू लागतात. कुणी एकाच दिवशी अकरा साड्या घेऊन येतं. कुणी रात्री उठून फरसाणाचे डबे संपवतं.

अमेरिकेत फिनिक्सच्या डॉक्टरांनी २००३ साली १,८८४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जुगाराच्या पुरते आहारी गेलेले ९ सापडले. २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ केंद्रांवर ३,०९० रुग्णांना नीट बसवून विचारलं, तेव्हा नुसत्या जुगाराचे ५ टक्के निघाले. खरेदी, खाणं आणि लैंगिक वर्तन धरलं तर १३.६ टक्के, या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत १७.१ आणि न घेणाऱ्यांत ६.९. दोन्ही अभ्यासांची रीत वेगळी, आकडे थेट शेजारी ठेवायचे नसतात, हे माझ्या गाइड सरांनी मला बजावून सांगितलंय. तरी मी त्यातून एकच घेतलं होतं, की विचारलं की सापडतं.

या काकांना मी विचारलं होतं. आणि मला काही सापडलं नव्हतं.

मुलाला मी केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. शिक्क्याची गरज नव्हती. काकांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि दार लावलं. काकूंनी पिशवीतून आधी एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली, मग बोलायला लागल्या.

"राती दोनला उठत्यात. सुट्टे पैशे वततात सतरंजीवर. रुपायाच्या थप्प्या येगळ्या, दोनाच्या येगळ्या, पाचाच्या येगळ्या. लावल्या की मोडत्यात, परत लावत्यात. पहाट होस्तवर."

काका एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. निरर्थक काम तासन्‌तास करत राहण्याच्या या लक्षणाला आमच्याकडे पंडिंग म्हणतात. स्वीडनमधल्या अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांच्या बोलीतून आलेला शब्द आहे. माणसाचा जो जुना धंदा असेल, त्याचंच रूप ते पुष्कळदा घेतं. सुतार खिळे निवडत बसतो. काका डेपोत भरायची कॅश मोजत होते.

मग काकू थांबल्या. "आनखी एक हाय. पन ते कुनाला सांगता येत न्हाई."

मी वाट बघितली. खिडकीबाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

गेले पाच महिने त्या नातीच्या खोलीत आतून कडी लावून झोपत होत्या. सुनेला सांगितलं होतं की हे फार घोरतात. या वयात नवऱ्याचं हे असं, म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. नवऱ्याच्या आजाराचा हा भाग असू शकतो असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मुलानं उच्चारलेला 'म्हातारचळ' हा शब्द त्याचा नव्हता. अख्ख्या आळीत तो फिरून आला होता. किती घरांत या एका शब्दाखाली एखादी साधी, उतरवता येणारी गोळी दडलेली असेल, या विचारानं माझ्या पोटात कालवतं.

काकांना आत बोलावलं. या वेळी फॉर्म उलटा ठेवला.

"काका, आकडा लावता का?"

"लावतो की."

एवढं सरळ. जसं काही मी चहा घेता का विचारलं.

"मग मागे विचारलं तेव्हा नाही म्हणालात?"

ते खरंच चकित झाले. "तुमी जुगार म्हनाला व्हता, ताई. जुगार म्हंजे तीन पत्ती. डेपोत पोरं खेळायची, मी कधी पत्त्याला हात लावला न्हाई. इच्यारा कुनालाबी."

इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी मी आणि माझ्या एका सहकारी मैत्रिणीनं मिळून केलं होतं. रीतसर: आधी मराठी, मग त्याचं पुन्हा इंग्रजी, मग मूळ इंग्रजीशी ताडून पाहणं. 'जुगार' हा शब्द त्या चाळणीतून बिनतक्रार पार झाला होता. पण चाळणी लावणारे आम्ही दोघी शहरात वाढलेल्या. आणि शेजारी मुलगा बसलेला असताना आम्ही लैंगिक इच्छेचा प्रश्न वाचून दाखवला होता! त्याला 'नाही'शिवाय काय उत्तर येणार होतं?

मी वही उघडली. ती घरखर्चाची वही होती, कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदासारखे, वेबिलासारखे, रकाने आखलेली. आधीच्या पानांवर अक्षर मुंगीएवढं, ओळीच्या शेवटी जाईपर्यंत आणखी बारीक होत गेलेलं. कंपवातात अक्षर असं आक्रसतं. आणि मग दिवाळीनंतर एका पानापासून अक्षर मोकळं झालं होतं. 'दूध', 'किराणा', 'गॅस' ठळक, वाचता येईल असं.

मी त्यांची फाइल ओढली आणि वहीशेजारी ठेवली. प्रॅमिपेक्सोल दिवसाला दीड मिलिग्रॅमवरून तीनवर नेल्याची तारीख होती त्याच दिवाळीच्या आठवड्यातली. अक्षर सुटलं ते त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत. आणि पाच आठवड्यांनी, किराण्याच्या खाली, पहिल्यांदा: 'आकडा २०'. पुढच्या महिन्यात ५०. मग २००. पुढे रकाने मोडून गेले. बस नंबर, तिकिटांचे शेवटचे अंक, नातीचा हजेरी क्रमांक, स्वप्नात दिसलेला किलोमीटरचा दगड, सगळ्यांतून जोड्या काढलेल्या. नऊ महिन्यांपूर्वी मी फॉर्म भरला तेव्हा वही ५० रुपयांच्या पानावर होती.

एकाच गोळीनं त्यांना अक्षर परत दिलं होतं आणि पाटल्या नेल्या होत्या, आणि दोन्हींची नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं ठेवली होती. मी या विषयावर शंभरेक पेपर वाचले असतील. त्या वही आणि फाइलसमोर मी गप्प बसून राहिले.

"काका, यात शेवटी कोण जिंकतं?"

"बुकी." ते लगेच म्हणाले. "शंबर जोड्या हायत. लागली तर रुपायाला नव्वद. म्हंजे दहा त्याचे, कायमचे. सिंगलला बी तेच, दहातला एक, आन्‌ भाव नवाचा. ताई, मला हिशोब कळतो."

"मग?"

ते उजव्या हाताकडे बघत राहिले. "हरल्यावर वाईट वाटायला पायजे न्हवं? वाटतच न्हाई. घरी यीपर्यंत दुसरी जोडी डोक्यात तयार."

व्यसनाच्या अभ्यासात ज्याला आम्ही मोठमोठी नावं देतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. हरलो की मेंदूत डोपामिन क्षणभर खाली घसरतं आणि त्या घसरणीतून आपण 'पुन्हा नको' शिकतो. वरून सतत भरलेली गोळी ती घसरण झाकून टाकते. मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रयोगात दाखवलं की कंपवाताचे रुग्ण औषधावर असताना जिंकण्यातून चांगलं शिकतात, हरण्यातून कमी. औषध उतरलेलं असताना उलट. हे मी माझ्या परीनं साध्या भाषेत त्यांना सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे डबल बेल वाजतीय," ते म्हणाले, "आन्‌ सिंगल बेलची दोरी तुटलीय."

एसटीत एक घंटी गाडी थांबवायला, दोन गाडी सोडायला. त्या दिवसापासून मी दुसऱ्या रुग्णांना समजावताना हेच वापरते.

मुलगा शिक्का घेऊन आला तेव्हा मी वही आणि फाइल तशीच उघडी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं तारखा स्वतः जुळवून पाहिल्या, बोट ठेवून, दोनदा. तेव्हा तो बसला. दोन महिने बापलेकांत बोलणं बंद होतं.

"मग गोळी घेणाऱ्या सगळ्यांनाच का होत नाही?"

नाही होत, हे मी मान्य केलं. वय कमी असलेले, सिगारेट ओढणारे, घराण्यात जुगाराचा इतिहास असलेले, यांना धोका जास्त. काकांना रोज दोन पाकिटं लागायची, निवृत्त होईपर्यंत.

"पण पैसे गोळीनं नाही नेले. यांनीच नेले. माझ्या नजरेला नजर देऊन खोटं बोलले."

याला माझ्याकडे पुरं उत्तर नव्हतं आणि मी ते आहे असं दाखवलं नाही. खोटं ते बोलले होते, हे खरंच होतं. जुगाराचा विकार कुठे ठेवायचा यावर आमच्या शास्त्राचंही मत बदललेलं आहे: १९८० साली अमेरिकन वर्गीकरणात तो आवेगाच्या विकारांत आला, २०१३ साली तिथून काढून दारू-गर्दच्या शेजारी व्यसनांत बसवला. मी मुलाला एवढंच म्हटलं की मुक्तांगण चांगली जागा आहे, पण आधी गोळी उतरवून बघू. त्याशिवाय कुठेही ठेवलंत तरी घंटी वाजतच राहील.

न्यूरोलॉजीच्या मॅडमना तिथूनच फोन लावला. गोळी एकदम बंद करायची नाही हे ठरलं, कारण ती झपाट्यानं काढली की काही जणांना भयंकर अस्वस्थता, घाम, उदासी येते आणि लेव्होडोपा वाढवूनही ती हटत नाही. हळूहळू उतरवायची, लेव्होडोपा थोडी वर न्यायची, दर पंधरवड्याला मला दाखवायचं. एटीएम कार्ड काकूंकडे.

काकांचा प्रश्न एकच होता. "बटन लावता येतील ना, ताई?"

कदाचित सगळी नाही येणार, असं मी सांगितलं. तिथे खोटा धीर द्यायचा नव्हता.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी या गोळ्या चालू असतील (पाय वळवळण्याच्या आजारातही त्या देतात, आणि कॅबरगोलिन ही त्यांची बहीण प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठीसाठी देतात), तर स्वतःहून बंद करू नका. पण डॉक्टरांना सांगा. लाजेनं थांबू नका. काकू पाच महिने थांबल्या होत्या.

त्या संध्याकाळी गाइड सरांकडे गेले. जुनी नोंद खोडायची नाही, असा नियम आहे. व्हाइटनर नाही, गिरगटणं नाही. मूळ अक्षर दिसेल अशी एकच आडवी रेघ, शेजारी खरं उत्तर, सही आणि तारीख. मी तशी रेघ मारली. मग प्रश्नावलीत बदलासाठी एथिक्स कमिटीला अर्ज लिहिला: 'जुगार' या शब्दाच्या जागी आकडा, लॉटरी, पत्ते, मोबाइलवरची रमी, शेअरचं डे-ट्रेडिंग अशी एकेक नावं घेऊन विचारणे, रुग्ण आणि जोडीदार यांना वेगवेगळं बसवणे. मंजुरी यायला सहा आठवडे लागले. तोपर्यंत फॉर्म भरून झालेल्या अडतीस जणांना मी पुन्हा फोन करायला घेतले. त्यांचं सांगणं इथे नको, ते थीसिसमध्ये येईल.

काका साडेतीन महिन्यांनी आले. प्रॅमिपेक्सोल पाऊण मिलिग्रॅमवर आली होती. मधला एक महिना वाईट गेला, रडायचे, जेवायचे नाहीत. हात आता जास्त थरथरत होता. शर्टाचं वरचं बटण काकूंनी माझ्यासमोरच लावून दिलं, आणि त्यांनी मान वर करून लावून घेतलं.

"ताई, एक सांगायचं हाय," काकू बाहेर गेल्यावर ते म्हणाले. "मागच्या मंगळवारी ग्येलो व्हतो. वीस रुपये लावले."

"लागला?"

"न्हाई." ते थोडे पुढे वाकले, जणू मला बातमी द्यायची होती. "लई वाईट वाटलं. वीस रुपायाचं. रातभर वाटत व्हतं."

मी केसपेपरवर ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं.