गुडघ्याचा झटका आणि दोरीवरची पकड

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक जण अर्धांगवायूचे, मणक्याला मार लागलेले किंवा नसांच्या आजाराने हातापायांतली ताकद गेलेले असतात. या कामाचं शास्त्र मी कॉलेजात शिकले, पण त्याचा गाभा आपल्या शाळेत मिळाला, तोही दोन ठिकाणी: प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर आणि व्यायामशाळेच्या तुळईला टांगलेल्या दोरीवर.

नववीत प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा आला, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी गावातल्या डॉक्टरांकडून रबरी हातोडी मागून आणली होती. एकेकाला स्टुलावर बसवायचं, पाय लोंबते सोडायला सांगायचं आणि गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोकायचं. पाय उडाला की सर विचारायचे, "कोणी उडवला? तू उडवलास?" कुणालाच हो म्हणता येत नव्हतं. मग फळ्यावर आकृती यायची. वाटीखाली ठोकलं की मांडीचा पुढचा स्नायू क्षणभर ताणला जातो. त्या स्नायूतच बारीक संवेदक असतात, ते हा ताण टिपतात. निरोप मज्जारज्जूत पोचतो, तिथे दोन चेतापेशींमधला एकच सांधा ओलांडतो आणि आज्ञा होऊन त्याच स्नायूकडे परत येतो. या फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, फार तर थोडा जास्त. मेंदूला त्याची खबर मागाहून मिळते.

सर तिथेच थांबले असते तरी धडा पुरा झाला असता. पण त्यांनी मांडीच्या मागच्या बाजूला हात लावून दाखवला. पुढचा स्नायू आखडतो त्याच क्षणी मागच्याला ढिलं पडावं लागतं, नाहीतर गुडघा जागचा हलणारच नाही. हा ढिलं पडण्याचा निरोपही मज्जारज्जूच धाडतो. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे उलगडून दाखवलं आणि त्याला 1932 साली नोबेल मिळालं, हे मी पहिल्यांदा त्या वर्गात ऐकलं. हालचाल म्हणजे स्नायू आवळणं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. कुठला स्नायू कधी सोडायचा हे शरीराला तितकंच नेमकं ठाऊक असावं लागतं, हे कळल्यावर मी स्वतःच्या चालण्याकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागले.

आमच्यातल्या एकीचा पाय काही केल्या उडेना. सरांनी तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं, आणि ती ओढत असताना ठोकलं. पाय टणकन उडाला. ही युक्ती हंगेरीच्या येंड्रासिक नावाच्या डॉक्टरने 1885 साली सांगितलेली आहे. हात ओढताना मज्जारज्जूतल्या पेशी जास्त सावध होतात आणि दबलेला झटका बाहेर येतो. मी आजही ती रोज वापरते.

आमच्या वर्गात एका मुलाला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक, त्याला आधाराचा धातूचा सापळा, म्हणजे कॅलिपर लावलेला. त्याने आपणहून स्टुलावर बसायची इच्छा दाखवली. त्या पायाला झटका आला नाही. मग सरांनी त्याला डोळे मिटायला सांगून पेन्सिलीच्या टोकाने त्याच पायाला स्पर्श केला. कुठे टेकवलं, ते त्याने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. पाय हलत नव्हता, पण त्या पायाला सगळं जाणवत होतं! पोलिओचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी मारतो. स्पर्श वर नेणाऱ्या पेशींना तो सहसा हात लावत नाही. जाणिवेची वाट वेगळी आणि आज्ञेची वाट वेगळी, ही गोष्ट मला आमच्या त्या मित्राच्या पायाने शिकवली. आणि स्नायू वाळतो तो स्वतःच्या दोषाने नव्हे, त्याला आज्ञा देणारं कुणी उरत नाही म्हणून, हेही.

तो आज गावात दुकान चालवतो. पन्नाशीच्या जवळ आल्यापासून तो पाय पुन्हा लवकर थकतो, असं त्याने फोनवर सांगितलं. याचंही कारण त्याच धड्यात आहे. पोलिओतून वाचलेल्या पेशींनी लहानपणी नवे फाटे फोडून शेजारचे पोरके झालेले स्नायुतंतूही सांभाळायला घेतलेले असतात. चाळीस चाळीस वर्षं त्या दुप्पट-तिप्पट ओझं वाहतात आणि मग दमायला लागतात. अशा पायाला व्यायामाचा मारा करायचा नसतो. बसून काम करायचं, मधे मधे टेकायचं, हे त्याला पटवून देताना मला सरांची फळ्यावरची आकृती डोळ्यांपुढे दिसत होती. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांनी कॅलिपर बहुधा पाहिलेलाही नसेल. याचा मला मनापासून आनंद आहे.

आता दोरीबद्दल. पुरलेल्या मल्लखांबावर मुलं, दोरीवर आम्ही मुली. दोरी सुती, गुळगुळीत, तिला कुठे गाठ नाही. चढायचं ते पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी पकडून. सुरुवातीला तिथली कातडी सोलून निघायची, बाई त्यावर खोबरेल लावायच्या आणि दोन दिवस सुट्टी द्यायच्या. अंगठा आणि बोट स्वतंत्रपणे आवळणं हे आपण जन्मात कधी केलेलं नसतं. पहिले काही दिवस मी अंगठा आवळायला जायची आणि पाचही बोटं, घोटा, पोटरी, इतकंच काय, जबडासुद्धा आवळला जायचा. मग हळूहळू बाकीचं सगळं सैल पडत गेलं आणि फक्त बेचकं आवळू लागलं. हात-पाय काही त्या महिन्याभरात जाड झाले नव्हते. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बहुतांशी चेतासंस्थेची असते. कोणत्या पेशीने कधी आज्ञा द्यायची आणि कुणी गप्प राहायचं, याची घडी तेवढ्या काळात बसते.

बाईंचा एक नियम होता. पकड सुटली, की तिथून पुढे रेटायचं नाही. खाली उतरायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्या पकडीपासून सुरुवात. आम्हाला तो जाच वाटायचा. आज कळतं की त्या आमच्या लहान मेंदूला शिकवत होत्या. डोक्याच्या मागे, खाली असलेला हा भाग ठरवलेली हालचाल आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल यांचा सतत ताळा घेतो आणि फरक दिसला की पुढच्या वेळची आज्ञा सुधारतो. त्याच्यासमोर जे वारंवार येतं तेच तो पक्कं करतो. चुकीचं वारंवार केलं, तर चुकीचं पक्कं होतं.

अर्धांगवायूच्या रुग्णाबरोबर मी हेच करते. मेंदूकडून निघालेले बहुतेक आज्ञातंतू मज्जारज्जूत शिरण्याआधी बाजू बदलतात, म्हणून मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गाठ अडकली की उजवं अंग जातं. स्नायू शाबूत, मज्जारज्जूतल्या पेशी शाबूत, पण वरून येणारा धाक नाहीसा झालेला. अशा माणसाच्या गुडघ्यावर ठोकलं तर काही आठवड्यांनी पाय नेहमीपेक्षा जोरात उडतो. नातेवाइकांना वाटतं, ताकद आली. ती ताकद नसते, हे हळुवारपणे सांगावं लागतं. मग पेला धरणं, पेला सोडणं, पुन्हा धरणं. सोडणं जास्त अवघड असतं.

याच्या अगदी उलट चित्र मी 2025 च्या सुरुवातीला पाहिलं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. आकडा दोनशेच्या वर गेला. दूषित पाण्यातून पोटात गेलेला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कित्येकांच्या तपासणीत सापडला. जंतू मारायला निघालेली शरीराची संरक्षणव्यवस्था काही जणांत चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. नसेवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या वायरवरच्या रबरासारखं. त्यामुळे संदेश सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने पायापर्यंत जातो. आवरण उखडलं, की संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच विरतो. पावलांपासून अशक्तपणा वर चढत जातो, श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर लागतो. आणि गुडघ्याचा झटका जातो. गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी 1916 साली दोन सैनिकांबद्दल लिहिलं, तेव्हाही हाच झटका नाहीसा झाल्याची नोंद त्यांनी केली होती.

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेली एक बाई माझ्याकडे होती. घरगुती डबे करणारी, हातावर पोट. इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचे डोस देऊन झाले होते, श्वास सुधारला होता, पण बोटं उघडी-मिटी होत नव्हती. तिला रोज तासभर व्यायाम हवा होता, मी दहा मिनिटांवर थांबवायची. या आजारात थकवा आला की नस त्या दिवशी काही शिकत नाही, उलट दुसऱ्या दिवशी ताकद कमी मिळते. आवरण पुन्हा तयार व्हायला आठवडे-महिने लागतात आणि आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. हे गणित तिला वहीवर मांडून दाखवलं. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजलं, तिने स्वतः पट्टी धरली. त्यानंतर तिची घाई थांबली. आधी अंगठा तर्जनीला टेकला, मग करंगळीला. पुढे कणकेचा छोटा गोळा मळून आणायला सांगितलं. ती पोळ्या लाटायला लागली, तेव्हाही गुडघ्याचा झटका परतलेला नव्हता. तो या आजारात फार उशिरा येतो, कधी येतही नाही. तिला त्याची फिकीर नव्हती आणि मलाही नव्हती.

तिला दहा मिनिटांवर थांबवताना माझ्या तोंडी बाईंचेच शब्द यायचे: "उतर, श्वास घे, पुन्हा पहिल्यापासून."

शाळेत दोरीचा मल्लखांब काही वर्षांपासून बंद आहे, असं कळलं. शिकवणारं कुणी उरलं नाही, हे कारण मी समजू शकते. आमच्या तुकडीतल्या काही जणींनी मिळून ठरवलं आहे: नवी सुती दोरी, खाली अंथरायच्या गाद्या आणि प्रशिक्षिकेचं पहिल्या वर्षाचं मानधन आम्ही देऊ. मुख्याध्यापकांनी तुळई तेवढी एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. जूनमध्ये पाचवीच्या मुलींपासून सुरुवात करता येईल. पहिल्या आठवड्यात मी स्वतः येईन, खोबरेल घेऊन.