तुम्ही विचारलंत म्हणून: किनाऱ्यावरचे पक्षी पाहायला किती वाजता जावे?

हिवाळा लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना रानात पक्षी पाहायची सवय असते आणि तिथे पहाट गाठली की काम भागते. म्हणून किनाऱ्यावरही ते उजाडताच हजर होतात आणि त्यांच्या वाट्याला कधी दूरवर चिखलात हलणारे ठिपके येतात, तर कधी नुसते पाणी. माझे उत्तर ठरलेले आहे: घड्याळाआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे.

चिखलपट्ट्यांवर चरणाऱ्या पक्ष्यांचा दिनक्रम ऊन्हापेक्षा पाण्यावर अधिक चालतो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी लागली की तुतवार, चिखल्या, टिलवे आणि गॉडविट उघड्या पडलेल्या चिखलावर पांगतात, मग ती ओहोटी मध्यरात्रीची का असेना. पूर्ण ओहोटीला ते इतके लांब जातात की दुर्बिणीचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून भरतीच्या आधीचे दीड-दोन तास गाठावेत. पाणी चढत जाते, चिखल आक्रसतो आणि पक्षी चरता चरता आपणहून काठाकडे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे फार चांगले दिसते. अष्टमीच्या सुमारास पाणी तितके चढत नाही आणि पक्षी दूरच राहतात. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरून बसावे आणि मग जागचे हलू नये.

हिवाळ्यात यांतले बरेचसे पक्षी करडे-तपकिरी दिसतात, त्यामुळे ओळख पटवताना रंगावर जाऊ नये. चोच, पाय आणि चाल पाहावी. मला स्वतःला चाल पाहण्यात सर्वांत अधिक आनंद वाटतो. चिखल्या चार पावले तुरुतुरु धावतो, थबकतो, क्षणभर निरखतो आणि टोच मारतो, कारण त्याचे भक्ष्य तो मोठ्या डोळ्यांनी हेरतो. गॉडविट मात्र संथपणे चालत लांब चोच पार मुळापर्यंत चिखलात खुपसतो. त्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणाऱ्या पेशी दाटीने असतात आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसते टोक उघडता येते, म्हणून न दिसणारा किडा त्याला चिखलाच्या आतच पकडता येतो. एकाच पट्ट्यावर दोघेही पोट भरतात ते यामुळेच.

सगळा थवा एकाएकी उठला तर आधी आकाशात पाहावे. बहुधा बहिरी ससाणा आलेला असतो. नदीच्या मुखाशी ओल्या वाळूत पाणमांजराची पावलेही उमटलेली सापडतात, पण पाणी चढण्याआधी ती शोधावी लागतात.

महिन्याचे म्हणाल तर जानेवारी उत्तम. स्थलांतराची ये-जा तेव्हा थांबलेली असते, आणि १९८७ पासून होणारी आशियाई पाणपक्षी गणनाही त्याच महिन्यात घेतात. मार्चपासून काही पक्ष्यांवर विणीचा तांबूस रंग चढू लागतो, तोही पाहण्यासारखा असतो.

आता न विचारलेले, पण मला सांगणे भागच आहे असे काही. २०२२ मध्ये उपग्रह-टॅग लावलेला, जेमतेम पाच महिन्यांचा पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत कुठेही न उतरता उडाला. अशा प्रवासाआधी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात आणि त्यांची पचनेंद्रियेसुद्धा आकसतात. ती चरबी अशाच चिखलपट्ट्यांवर कणाकणाने जमते. त्यामुळे उडणाऱ्या थव्याच्या छायाचित्रासाठी विसावलेल्या पक्ष्यांच्या दिशेने धावणे, किंवा कुत्र्याला मोकळे सोडणे, मला मुळीच मान्य नाही. पक्ष्यांनी चरणे किंवा पिसे साफ करणे थांबवून माना उंचावल्या, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि सावकाश मागे सरावे. ऐन भरतीत टेकायला कोरडी जागा थोडीच उरलेली असते आणि तिथून उठवलेल्या थव्याला पाणी ओसरेपर्यंत घिरट्या घालाव्या लागतात.